प्रतिसाद: अवघड होलवर आपला पार आपणच ठरवावा

गोल्फमध्ये 'पार ५ वर (जो होल पाच फटक्यांत पुरा करणं अपेक्षित असतं तिथे) दुसऱ्या फटक्यात ग्रीन, म्हणजे होलच्या खड्ड्याभोवतीची गुळगुळीत हिरवळ, गाठायला जात नाही तो भित्रा', असं मत इथे कुणीतरी मांडलंय. ते मला अजिबात पटलं नाही. अमेरिकेतल्या ऑगस्टा मैदानावरची मोठी स्पर्धा, २००७ चं मास्टर्स आठवा. अमेरिकन गोल्फर झॅक जॉन्सनने चार दिवसांत पार ५ चे होल एकूण १६ वेळा खेळले आणि एकदाही दोन फटक्यांत ग्रीन गाठायचा प्रयत्न केला नाही. दरवेळी वेजने (जवळच्या, उंच फटक्यांच्या काठीने) खेळता येईल अशा अंतरावर चेंडू ठेवला. त्या १६ होलवर ११ बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी), बोगी (एक फटका जास्त) एकही नाही, आणि विजेत्याचं हिरवं जॅकेट त्याचंच. तो लांब मारणारा नव्हता, वेज मात्र अचूक होती. त्याने स्वतःचा खेळ ओळखून योजना केली, याला मी धाडसच म्हणेन.

ऑगस्टाचा बारावा होल तर जेमतेम १५५ यार्ड. २०१९ मध्ये शेवटच्या दिवशी आघाडीवरच्या मोलिनारीचा चेंडू तिथे पाण्यात गेला. टायगर वुड्सने उजवीकडच्या झेंड्याचा (खड्ड्याच्या खुणेचा) मोह टाळून डावीकडे, बंकरवरून (वाळूच्या खड्ड्यावरून), ग्रीनच्या सुरक्षित भागात मारला आणि पार घेतला.

माझं हँडिकॅप (खेळाच्या पातळीनुसार मिळणारी फटक्यांची सवलत) १८ आहे, म्हणजे हिशेबाने प्रत्येक होलला एक फटका जास्तीचा मिळतो. म्हणून लांब, अवघड पार ४ मी सरळ पार ५ समजूनच खेळतो. टीवर (होलच्या सुरुवातीच्या जागी) ड्रायव्हर या सर्वांत लांब मारणाऱ्या काठीऐवजी हायब्रिड ही सांभाळायला सोपी काठी, मग आवडीच्या अंतरावर ले-अप, म्हणजे चेंडू मुद्दाम ग्रीनच्या अलीकडे ठेवणं. तुमचं खात्रीचं अंतर कोणतं? आधी ते रेंजवर (सरावाच्या मैदानावर) मोजा आणि तिथून उलटं टीपर्यंत या.