मदत हवी आहे: एमएच-०९ (कोल्हापूर) ची जुनी थार घेऊ की केए-२२ (बेळगाव) ची जिप्सी? चॅसीचा (गाडीच्या खालच्या सांगाड्याचा) गंज आणि पेपर दोन्हीचा प्रश्न आहे

नमस्कार मंडळी, मी बेळगावचा, वडगावला राहतो. दोन वर्षं मित्राच्या गाडीत मागं बसून जांबोटी, कणकुंबी, चंदगड साइडला महिपाळगड असं फिरतोय आणि आता स्वतःची घ्यायचीच असं ठरवलंय. नवीन थार किंवा जिम्नी बजेटमध्ये बसत नाही म्हणून जुनी फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद जाणारी) बघतोय. सगळं मिळून ७ लाख आहेत, टायर आणि पेपरचा खर्च पण त्यातच. वापर म्हणजे शनिवार रविवार कच्चे रस्ते, पावसाळ्यात लाल चिखल, ओढे. भीमगड अभयारण्यात घुसायचं नाही हे आमच्या ग्रुपमध्ये पहिल्यापासून पक्कं आहे, त्यामुळं तिकडचे रस्ते कृपया सुचवू नका.

पहिली गाडी शिनोळीच्या पुढं, २०१६ ची थार सीआरडीई (डिझेल इंजिनवाली), ८४ हजार किमी, ५.८० लाख सांगतायत. काकांना आदल्या दिवशीच फोन करून सांगितलेलं की मी येईपर्यंत चालू करू नका, आणि त्यांनी खरंच केली नव्हती, बॉनेट गार होतं. एका सेल्फला चालू झाली, धूर नाही, ऑइलचं झाकण काढून बघितलं तर वाफ पण मारत नाही. इंजिन मला आवडलं. पण खालून सगळीकडं ताजा काळा रंग. काका म्हणाले दरवर्षी पावसाळ्याआधी मारतो, असेल पण. मी पोतं अंथरून खाली शिरलो, मागच्या पाट्याचा (स्प्रिंगचा) शॅकल, म्हणजे पाटा टांगणारी कडी, चॅसीला बसतो तिथं उजव्या बाजूला किल्लीनं खरवडलं तर रंगाची पापडीच निघाली आणि आत लाल भुगा, बोटाला लागला. दाबून बघितलं, पत्रा आत जात नाही. पण पान्यानं ठोकल्यावर डावीकडं खणखणीत आवाज येतोय आणि उजवीकडं बद्द. हे मला काही केल्या डोक्यातून जाईना.

फोर हाय (चारही चाकं, नेहमीचा वेग) लगेच पडतोय. फोर लो (चारही चाकं, कमी वेग पण जास्त ताकद) मात्र गाडी उभी करून, न्यूट्रलला टाकून, क्लच दाबून तीनदा मागंपुढं केल्यावर पडला. वापर नाही म्हणून जाम झालंय म्हणतात. डांबरीवर फोर व्हीलमध्ये वळवून बघायचं नसतंय म्हणून कापणी झालेल्या शेतात घातली, तिथं खडखड काही नाही, लिव्हर निसटून बाहेर पण आला नाही. म्हणजे नुसती लिंकेज (लिव्हरपासूनचे दांडे) जाम असेल की ट्रान्सफर केसच (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) उघडावी लागेल?

दुसरी कॅम्पात आहे, २००८ ची जिप्सी, केए-२२, ३.४० लाख. १५ वर्षं झाल्यावर २०२३ ला पासिंग रिन्यू झालंय, म्हणजे २०२८ पर्यंत काळजी नाही. चॅसी खरवडली, सुंदर आहे. हलकी असल्यामुळं चिखलात थारपेक्षा कमी रुतते हे मी स्वतः मित्राच्या मागं बसून बघितलंय. पण पुढच्या डाव्या नकलमधून (चाक वळतं त्या सांध्यातून) ग्रीस आणि गिअर ऑइल मिसळून चाकाच्या आतल्या बाजूला ओघळलंय, आणि ते चाक वरखाली हलवलं की थोडा प्ले (ढिलेपणा) लागतोय. हे सील आणि किंगपिन बेअरिंगवर (त्याच सांध्याच्या खिळीचं बेअरिंग) भागतं का? चारही बाजूला पाटे आहेत, म्हणजे दणके बसणार, आईला बसवून लांब नेता येणार नाही, हा एक विचार आहेच.

चॅसीला एवढं का धरून बसलोय ते सांगतो. मागच्या पावसाळ्यात जांबोटीच्या अलीकडं एका ओढ्यात ग्रुपमधल्या एकाची जुनी जीप चॅसीवरच तडकली. घेताना कुणीतरी पत्रा लावून वेल्डिंग केलेलं, वरून रंग. आम्ही चौघं, दोन लहान पोरं, रात्री साडेदहापर्यंत पावसात उभं होतो. परत तसं नको.

आता पेपर. थारच्या आरसीवर बँकेचा बोजा अजून दिसतोय, कर्ज कधीच फिटलंय म्हणतात पण फॉर्म ३५ (बोजा उतरवायचा अर्ज) दिलेलाच नाही. तो उतरल्यावर कोल्हापूर आरटीओची एनओसी, मग इथं रजिस्ट्रेशन आणि कर्नाटकचा लाइफटाइम टॅक्स, एवढं मला कळतंय. एक एजंट म्हणाला राहू दे एमएच-०९ वरच, अर्धं बेळगाव तसंच फिरतंय. फिरत असेल, पण १२ महिन्यांच्या वर दुसऱ्या राज्याच्या नंबरवर ठेवता येत नाही आणि मला दर नाक्यावर छातीत धडधड घेऊन फिरायचं नाही. तुमच्यापैकी कुणी हल्ली कोल्हापूरची गाडी बेळगावला आणली असेल तर किती दिवस गेले, टॅक्स किती बसला, आणि महाराष्ट्रात भरलेल्या टॅक्सचं रिफंड खरंच हातात आलं का, एवढं सांगा.

मन थारकडं आहे, खोटं कशाला बोलू. रविवारी परत जातोय, काका तोवर कुणाला देत नाही म्हणालेत. टॉर्च आणि छोटी हातोडी घेऊन जाणार आहे. सीआरडीईच्या चॅसीत आतून बघायला नेमकी कुठली भोकं आहेत, कुणाकडं फोटो असेल तर शनिवारपर्यंत टाका, लई उपकार होतील.