मदत हवी आहे: एक केबल काढली की सर्व्हर बूटच होत नाही

नमस्कार मंडळी. निपाणीजवळच्या साखर कारखान्यात आमचा एआयएक्स (आयबीएमची युनिक्स ऑपरेटिंग सिस्टिम) सर्व्हर आहे, ऊसवजनाचा सगळा हिशेब त्यावरच. मशीन जिच्यावरून सुरू होतं ती बूट डिस्क सॅनवर, म्हणजे स्टोरेजच्या वेगळ्या नेटवर्कवर, दोन फायबर केबलींनी जोडलेली. ‘एलएसपाथ’ ही कमांड डिस्ककडे जाणारे दोन्ही मार्ग (पाथ) ‘एनेबल्ड’ म्हणजे चालू दाखवते. चालू मशीनची पहिली केबल काढली तरी काही बिघडत नाही, दुसऱ्या पोर्टचा हिरवा दिवा लुकलुकत राहतो. पण तशातच रीबूट केलं की बूट डिस्क सापडत नाही! ‘बूटलिस्ट’मध्ये (मशीन कुठून सुरू करायचं त्या यादीत) एचडिस्क०, म्हणजे बूट डिस्कपुढं, फक्त पाथआयडी (मार्गाचा क्रमांक) ० दिसतो. झोनिंग (सॅनमध्ये कोणता पोर्ट कुणाशी बोलू शकतो ती मांडणी) बरोबरच असावं, नाहीतर डिस्क चालली नसती. बूटलिस्टला ‘पाथआयडी=०,१’ देऊन भागेल, की ‘बॉसबूट’ही (बूट इमेज नव्यानं बनवणारी कमांड) परत चालवावं लागेल? गळीत सुरू झालं की काट्यावर ट्रॅक्टरांची रांग लागते, मग मशीन बंद करता येणार नाही. कुणी केलं असेल तर कृपया सांगा.