क्रूझवर जास्तीचे पैसे भरून घेतलेल्या सोयी कामी येतात का?

राजेहो, थोडी मदत पाहिजे. जानेवारीत आईबाबांना घेऊन सिंगापूरहून ४ रात्रींच्या क्रूझवर जातो आहे. आम्ही दारव्हा तालुक्यातले. गावात क्रूझ पाहिलेलं कोणी नाही. बुकिंग झालं, बिनखिडकीच्या आतल्या खोलीचं, तिघं एकाच खोलीत. आता रोज मेल येतो: बाल्कनी घ्या, रांगेशिवाय चढायची सोय घ्या, ड्रिंक पॅकेज घ्या. सगळं मिळून ६० हजार वाढतात, म्हणजे आठेक क्विंटल कापूस!

एजंटला विचारलं तर 'घेऊनच टाका' म्हणतो. त्याचं कमिशन आहे, तो दुसरं काय सांगणार? कंपनीला मेल केला, उत्तरात तेच माहितीपत्रक आलं.

दारूला आमच्यात कोणी शिवत नाही. आईला दिवसातून चारदा चहा लागतो, तो बुफेत मिळतो म्हणे, म्हणून पॅकेज बाद. फोन एअरप्लेन मोडवर ठेवू, वायफाय नको. रोजची माणशी टिप वेगळी धरली आहे.

अडतं ते इथे: बाबांचे गुडघे दुखतात, रांगेत उभं राहवत नाही. आईला एसटीत घाट लागला तरी मळमळतं. जहाजाच्या मधोमध, खालच्या मजल्यावर हेलकावे कमी जाणवतात. आम्हाला दाखवलेल्या बाल्कनीच्या खोल्या मात्र वरच्या.

जास्तीत जास्त २० हजार घालू शकतो. ज्यांनी स्वतःच्या खिशातून भरले त्यांनीच सांगा: बाल्कनी घेऊ, की खोली तीच ठेवून फक्त रांगेशिवाय चढायची सोय? आणि व्हीलचेअर आधी कळवली तर रांगेचा प्रश्न पैसे न देताच सुटतो का?