फोर टॉप्सचा लीव्हाय स्टब्ज कधीच एकटा का गायला नाही?

सिडकोवाला
नमस्कार मंडळी. मी नाशिकला सिडकोत राहतो, अंबडला एका कारखान्यात दुसऱ्या पाळीला असतो. आम्ही चौघं मित्र बारा वर्षं एकत्र गातोय. सुरुवात गल्लीतल्या गणपतीच्या आरत्यांपासून झाली, आता लग्नात, सोसायट्यांच्या कार्यक्रमात जुनी गाणी चार आवाजांत बसवून म्हणतो. पुढचा आवाज माझा.

गेल्या महिन्यात एका आयोजकानं कालिदास कलामंदिरातल्या कार्यक्रमासाठी विचारलं. अट एकच: फलकावर माझं नाव मोठ्या अक्षरांत, खाली बारीक ‘आणि सहकारी’. बिदागीही त्याच हिशेबानं. घरचे म्हणतात, हो म्हणून टाक. तिघांना मी अजून सांगितलेलं नाही.

त्याच आठवड्यात भाच्यानं मोबाइलवर फोर टॉप्स या अमेरिकन चौघांच्या गटाचं ‘रीच आउट’ हे गाणं लावून दिलं. कंपनीच्या बसमध्ये लागोपाठ चार वेळा ऐकलं आणि त्रिमूर्ती चौकात उतरायचं राहिलं. नंतर वाचलं की पुढे गाणाऱ्या लीव्हाय स्टब्जनं स्वतःचं नाव गटाच्या नावापुढे कधी लावू दिलं नाही. असा आवाज असून का? आणि दुसरं, त्याचा आवाज आता फाटेल असं वाटतं, पण फाटत नाही. मी त्या उंचीवर गेलो की दुसऱ्या दिवशी घसा बसलेला असतो. कुणाला माहिती असेल तर सविस्तर सांगा.

गोदाकाठ
मित्रा, हो म्हण. फोर टॉप्स ज्या मोटाउन कंपनीकडून तबकड्या काढायचे, त्याच कंपनीत 1967 साली सुप्रीम्स या गायिकांच्या गटाचं नाव ‘डायना रॉस अँड द सुप्रीम्स’ झालं, पुढे गाणाऱ्या डायनाचं नाव आधी. पुढे ती एकटी गायला लागली आणि केवढी मोठी झाली ते जगानं पाहिलं. कालिदासचा रंगमंच पुन्हा पुन्हा चालून येत नाही. मित्रांना मोकळेपणानं सांग, मित्र असतील तर समजून घेतील.

ओझरचा तबकडीवाला
सिडकोवाले भाऊ, या माणसावर मी चाळीस वर्षं जीव लावलाय, म्हणून जरा लांबलचक लिहितो. ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालोय. मेव्हणा जहाजावर होता, तो प्रत्येक फेरीला एखादी तबकडी आणायचा. फोर टॉप्सची पहिली तबकडी अशीच घरी आली.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. हे चौघं एका रात्रीत वर आलेले नाहीत. लीव्हाय 1936 सालचा, डेट्रॉइटचा. तो आणि ड्यूक फकीर एका शाळेत, लॉरेन्स पेटन आणि ओबी बेन्सन दुसऱ्या. 1950 च्या दशकात, विशीच्या आत असताना एकत्र आले. आधी ‘फोर एम्स’ असं नाव घेतलं, 1956 साली ते बदलून ‘फोर टॉप्स’ केलं. तीन-चार कंपन्यांकडे तबकड्या काढल्या, एकही चालली नाही. हॉटेलांत, क्लबांत गाऊन पोट भरलं. 1963 मध्ये मोटाउनकडे आले आणि पहिलं चाललेलं गाणं 1964 चं. म्हणजे दहा वर्षं त्या चौघांना एकमेकांशिवाय कुणी विचारत नव्हतं. पुढे 1965 मध्ये एक गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि 1966 मध्ये तुम्ही बसमध्ये ऐकलंत ते, अमेरिका आणि इंग्लंड दोन्हीकडे पहिलं.

आता आवाज. लीव्हाय मुळात खर्जाकडचा, त्यांच्या भाषेत बॅरिटोन. त्याची गाणी हॉलंड, डोझियर, हॉलंड हे तिघं लिहायचे आणि मुद्दाम त्याच्या सोयीच्या पट्टीपेक्षा वर बांधायचे. आवाज ताणला गेला की माणूस काकुळतीला आलाय असं वाटतं, त्यांना तेच हवं होतं. पण नीट ऐका, सगळं ओझं तो एकटा उचलत नाही. आपल्याकडे शाहीर चौकात ओळ टाकतो आणि झीलकरी ती वरच्यावर झेलतात, तसं आहे हे. लीव्हाय हाक मारतो, मागून उत्तर येतं, आणि तेवढ्यात त्यानं श्वास भरून घेतलेला असतो. झील काढून टाका, तो दुसऱ्या कडव्यापर्यंत टिकेल का, मला शंका आहे. मागचे आवाज बसवायचं काम पेटनचं. तुम्ही नाव विचारलंत, माझ्या मते त्याचं उत्तर इथंच आहे. त्या उंचीवर आपण कुणाच्या खांद्यावर उभे आहोत हे त्याला गाताना दर कडव्याला कळत होतं.

‘बर्नाडेट’ ऐका, 1967 चं. शेवटाकडे सगळी वाद्यं थांबतात. गाणं संपलं असं समजून आपण सुई उचलायला हात पुढे करतो आणि त्या शांततेत तो एकदाच तिचं नाव ओरडतो. मी ते शेकडो वेळा ऐकलंय, अजून अंगावर काटा येतो.

गोदाकाठांनी डायना रॉसचं उदाहरण दिलं ते खरंच आहे. पण त्याच कंपनीत टेम्प्टेशन्स या गटाचा डेव्हिड रफिन होता, तोही तसाच कसलेला गवई. त्यालाही नाव पुढे हवं होतं. 1968 मध्ये बाकीच्यांनी त्याला गटातून काढलं.

मात्र एकत्र राहिले म्हणून कुणाचं स्वतःचं काही झालं नाही असं नाही. बेन्सननं मोटाउनमध्ये असतानाच निषेधाचं गाणं धरलं. बाकी तिघांना ते नको होतं, म्हणून तो ते त्याच कंपनीतल्या मार्विन गे या गायकाकडे घेऊन गेला. ते ‘व्हॉट्स गोइंग ऑन’, 1971 साली आलं. आणि लीव्हायनं स्वतः 1986 मध्ये ‘लिटल शॉप ऑफ हॉरर्स’ या चित्रपटात माणसं खाणाऱ्या झाडाला आवाज दिला. ते काम करून तो परत आपल्या तिघांत आला.

1972 मध्ये कंपनी लॉस एंजेलिसला गेली, हे डेट्रॉइटमध्येच राहिले आणि दुसऱ्या कंपनीकडून गायले. 1997 मध्ये पेटन वारला, तोपर्यंत तेच चौघं. 2000 च्या सुमारास आजारपणामुळे लीव्हायचं गाणं थांबलं. 2004 मध्ये डेट्रॉइटला गटाच्या पन्नाशीचा कार्यक्रम झाला, तेव्हा तो चाकाच्या खुर्चीतून रंगमंचावर आला. 17 ऑक्टोबर 2008 ला गेला. शेवटचा फकीर 2024 मध्ये.

एक गोष्ट मात्र मला खुपते. त्या तबकड्यांवर अँडँटीज नावाच्या तीन बायकांचेही आवाज आहेत, वरचे, कोवळे. वेष्टनावर त्यांचं नाव नाही. मी घरातल्या तीन वेष्टनांवर पेननं लिहून ठेवलंय.

गायनवर्ग_पंचवटी
दादा, घशाबद्दल मी सांगते, वीस वर्षं शिकवतेय. त्याचं ऐकून तुम्ही बहुतेक मूळ पट्टीतच गाताय. ते करू नका. तो ताण त्याच्या आवाजाला मापून दिलेला होता, तुमच्या नाही. तुमची ‘काळी एक’ असेल तर गाणं तिथून बसवा आणि फक्त शेवटचं कडवं अर्ध्या सुरानं चढवा. ऐकणाऱ्याला तेवढी चढण पुरते. पोटातून श्वास, जबडा सैल. दुसऱ्या पाळीहून आल्यावर रात्री बाराला रियाज करत असाल तर आजच बंद करा, दिवसभर यंत्रांच्या आवाजावर बोलून घसा आधीच दमलेला असतो. पंधरा दिवसांनीही आवाज बसत राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, अंगावर काढू नका.

सिडकोवाला
ताई, रियाज खरंच रात्री बारालाच करत होतो. आता सकाळी करतो. पट्टी उतरवली, तीन दिवसांत फरक आहे.

काका, तुमचं उत्तर मी काल तिघांसमोर मोठ्यानं वाचलं. त्याआधी आयोजकाचं सगळं सांगितलं, महिनाभर लपवलं हेही. दोघं काही बोलले नाहीत. तिसरा, जो आमचे आवाज बसवतो, तो म्हणाला, “पैसे कसेही वाटा, पण ‘सहकारी’ म्हणजे कोण ते लोकांना कळायला हवं.” आज सकाळी आयोजकाला फोन करून चारही नावं एका मापात लावा म्हणालो. विचार करून कळवतो म्हणालेत. अजून फोन नाही.

‘बर्नाडेट’ मोबाइलवर ऐकलं. ती शांतता तबकडीवर ऐकायची आहे. रविवारी मला सुट्टी असते. तुमची हरकत नसेल तर अकराच्या सुमारास चौघंही ओझरला येतो.