समृद्धी महामार्गाचा जिल्ह्यावरचा परिणाम कसा मोजू?

पैनगंगाकाठ: एम.ए.च्या प्रबंधासाठी समृद्धी महामार्गाचा बुलढाणा जिल्ह्यावरचा परिणाम मोजतोय. ७०१ किमीपैकी आमचा भाग डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी टप्प्यात खुला झाला. देशपातळीवरचा इनपुट-आउटपुट तक्ता घेऊन बांधकामखर्चाला गुणकाने, म्हणजे एका रुपयाच्या खर्चामागे एकूण किती उलाढाल होते त्या आकड्याने, गुणायचं ठरवलंय. चालेल का?

जुना आकडेवाला: नको, आकडा भलताच फुगेल. त्या तक्त्यात एका उद्योगाने दुसऱ्याकडून किती घेतलं ते असतं, पण अख्ख्या देशाचं. सिमेंट, स्टील, डांबर, यंत्रं बाहेरून आली असतील, तर खर्च कागदावर बुलढाण्याचा आणि पैसा बाहेर. लोकेशन कोशंटने, म्हणजे एखाद्या उद्योगाचा जिल्ह्यातला वाटा भागिले देशातला वाटा, तक्त्यातले गुणांक जिल्ह्यापुरते कमी करता येतात. पण तीच वस्तू जिल्ह्यातून बाहेर जाते आणि बाहेरूनही येते, हे त्या पद्धतीला दिसत नाही. म्हणून खडी, मुरूम, मजुरी, वाहनभाडं यांत गावात किती राहिलं ते विचारून काढ. बांधकामाचा पैसा एकदाच येतो, त्याचा हिशोब रस्ता सुरू झाल्यानंतरच्या परिणामात मिसळू नकोस.

मला जास्त काळजी वाटते ती घरांची. जमिनी थेट खरेदीने, पाचपटीपर्यंत दराने घेतल्या. पैसे सातबाऱ्यावर नाव असलेल्याला मिळाले. तेच शेत ठोक्याने, म्हणजे ठरलेल्या भाड्याने, करणारा आणि त्यात सोयाबीन सोंगायला जाणारी बाई, दोघांचंही काम गेलं. 'कुटुंबे' अशी एकच ओळ ठेवलीस तर ही माणसं सरासरीत बुडतील. सोशल अकाउंटिंग मॅट्रिक्स, म्हणजे उद्योगांसोबत कोणत्या घरांकडे किती पैसा येतो-जातो तेही दाखवणारा तक्ता, वापर आणि त्यात मालक, ठोकेदार, मजूर वेगळे कर. मॉडेल कितीही साधं ठेव, हे मात्र सोडू नकोस.

बीबीकर: आमच्या मामाचा ढाबा जुन्या मेहकर-सिंदखेडराजा रस्त्यावर आहे. रात्रीच्या ट्रक कमी झाल्या, तसं दूधवाल्याचं, पंक्चरवाल्याचंही गिऱ्हाईक गेलं. नव्या रस्त्यावर मधूनच चढता-उतरता येत नाही. ही माणसं कुठे धरणार?

पैनगंगाकाठ: हे डोक्यातच नव्हतं. मग इंटरचेंजजवळची (जिथे महामार्गावर चढता-उतरता येतं), महामार्गालगतची पण इंटरचेंजपासून लांबची, आणि जुन्या रस्त्यावरची, अशी तीन प्रकारची गावं घेऊ?

जुना आकडेवाला: हो, आणि चौथी दोन्ही रस्त्यांपासून दूरची, तुलनेला. आधीची स्थिती २०११च्या जनगणनेवरून घेशील, पण ती फार जुनी. रस्ता व्हायच्या आधीचं काम आणि कमाई घरोघरी विचारावीच लागेल. इंटरचेंजजवळ जमिनीचे भाव चढले असतील तर ती वाढ उत्पन्नात धरू नकोस. विकली तरच पैसा हातात येतो, आणि तो कुठे गेला हाही प्रश्न फॉर्ममध्ये घाल. पुरुष शेतात असताना बाईलाही वेगळं विचार.