सोडियम लॅम्पची बाहेरची काच तडकलीय, तसाच लावला तर चालेल का?

साखळीकर_फिजिक्स:
नमस्कार मंडळी, मी कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये असिस्टंट आहे. न्यूटन रिंग्ससाठी (भिंग आणि सपाट काच यांच्यामध्ये प्रकाशाच्या गोल कड्या दिसतात तो प्रयोग) जो ३५ वॅटचा सोडियम लॅम्प असतो ना लाकडी पेटीतला, त्याच्या बाहेरच्या काचेला टोपीजवळ (होल्डरमध्ये बसतं ते टोक) केसाएवढी चीर गेलीय. आतली यू नळी धड आहे, तिच्या बारीक फुगवट्यांत सोडियमचे चंदेरी ठिपके दिसतात. पण लावला की लालसर गुलाबी पेटतो आणि अर्धा तास झाला तरी तसाच, पिवळा होतच नाही. त्याच ट्रान्सफॉर्मरवर दुसरा लॅम्प नीट चालतो. चवथीची सुट्टी संपली की प्रॅक्टिकल, आणि नवा लॅम्प अंबाल्याहून यायला वेळ लागतो. चीर एम-सीलने बुजवून वरून फॉइल गुंडाळली तर तापेल का, असं एक सर म्हणतायत.

फोंड्याचा_लॅबवाला:
नको रे बाबा, पेटीचा प्लग आधी काढ. दोन काचांच्या मध्ये निर्वात पोकळी असते ती थर्मॉसचं काम करते, तिच्यामुळेच आतली नळी २६० अंशांपर्यंत तापते आणि सोडियमची वाफ होते. चिरेतून हवा शिरली की उष्णता सगळी बाहेर, मग नुसता निऑन आणि थोडा आर्गॉन पेटतो, तो लाल रंग त्याचाच. एम-सीलने चीर बुजेल पण आत गेलेली हवा कोण काढणार? टोपीकडे काचेच्या आतून आरशासारखा चकचकीत डाग असतो तो बघ, पांढरा पडला असेल तर हवा गेलीच समज. फॉइल तर अजिबात नको. ट्रान्सफॉर्मर सुरुवातीला २३० पेक्षा बराच जास्त व्होल्टेज देतो आणि फॉइल चुकून टोपीला लागली तर पोरांच्या हाताला शॉक.

म्हापसा_बीएस्सी:
वीज खात्याचे जुने पिवळे रस्त्याचे दिवे मिळतात ते लावले तर? तेही सोडियमच ना

फोंड्याचा_लॅबवाला:
ते हाय प्रेशरवाले, त्यांचा प्रकाश पसरट असतो आणि सोडियमच्या पिवळ्या रेघेच्या, म्हणजे ५८९ नॅनोमीटर तरंगलांबीच्या जागीच उलट काळी रेघ पडते, शिवाय आत पाराही असतो. रिंग्ससाठी उपयोग नाही. मर्क्युरी लॅम्प आणि हिरवा फिल्टर असेल तर तो लावा, फक्त गणितात तरंगलांबी ५८९३ ऐवजी ५४६१ अँगस्ट्रॉम (१० अँगस्ट्रॉम म्हणजे १ नॅनोमीटर) घ्यायची, हे मुलांना आधीच सांगा नाहीतर अर्ध्या जर्नलमध्ये भिंगाची वक्रता त्रिज्या चुकीची येते.

केमिस्ट्री_मडगाव:
फुटका लॅम्प कचऱ्यात टाकू नका हं, हे महत्त्वाचं. आतली नळी फुटून पाणी लागलं तर हायड्रोजन निघतो, पेट घेतो आणि उरतो तो कॉस्टिक सोडा, आणि आपल्याकडे पावसात तर कचऱ्याचा डबा ओलाच असतो. अख्खा लॅम्प कोरड्या पत्र्याच्या डब्यात, कोरड्या वाळूत ठेवा आणि केमिस्ट्री डिपार्टमेंटकडे द्या. आग लागली तरी पाणी मारायचं नाही, वाळूच.

साखळीकर_फिजिक्स:
डाग बघितला, दुधासारखा पांढरा झालाय. पेटी बंद करून वर चिठ्ठी लावली. मर्क्युरी लॅम्प आहे आमच्याकडे पण हिरवा फिल्टर नाही, म्हापसा किंवा पणजीला कुठे मिळेल माहीत असेल तर सांगा.