पाठ आहे, पण मधलंच विचारलं तर?
चालीवर म्हटले की पाढे पाठ होतात, असं म्हणतात. मला ते पटतं, पण अर्धंच. माझी लेक सातचा पाढा घडाघडा म्हणायची. मध्येच सात गुणिले सहा विचारलं की गाडी पुन्हा सात एके सातपासून! मग कागदावर बटणं मांडली, चार-चारच्या तीन ओळी. कागद आडवा फिरवला, तर तीन-तीनच्या चार. मोजता मोजता थांबली. "आई, बटणं तर तीच आहेत!"

चार गुणिले तीन आणि तीन गुणिले चार एकच, हे उमगलं की दहापर्यंतच्या 100 गुणाकारांतले 55च उरतात. त्यातून 1, 2, 5 आणि 10चे (ते येतातच) वगळले तर फक्त 21. तेवढ्याच चिठ्ठ्या डब्यात टाकल्या. बरोबर आली ती तिची, चुकली ती परत डब्यात. सात गुणिले आठ अजून डब्यातच आहे.